खालच्या पट्टीतले स्वीडन

२०१८च्या नोव्हेंबरात मुलीच्या बाळंतपणासाठी मी स्वीडनमधल्या लुंड या गावी गेले आणि जवळजवळ तीन महिने तिथे राहिले. बाळ मांडीवर घेतल्याशिवाय झोपत नसे आणि खाली ठेवले की जागे होत असे. त्यामुळे दुपारी साडेतीन-चारला अंधार पडल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत माझे दोन्ही हात अडकलेले आणि डोळे तेवढे मोकळे, अशी अवस्था असायची. मुलीने एक मालिका लावून दिली, आवाज अगदी बारीक केला आणि पडद्याच्या खालच्या बाजूला इंग्रजी सबटायटल्स सुरू केले. भाषा कळतच नसल्यामुळे आवाज असला काय आणि नसला काय, मला सारखेच होते.

ती मालिका म्हणजे ‘ब्रून’. या शब्दाचा अर्थ ‘पूल’ एवढाच आहे. स्वीडनचे माल्मो आणि डेन्मार्कचे कोपनहेगन यांना जोडणाऱ्या ओरेसुंड पुलावरचे दिवे एका रात्री अचानक जातात आणि ते परत येतात तेव्हा पुलाच्या मधोमध, दोन देशांच्या सीमारेषेवर बरोबर बेतून ठेवलेले एक प्रेत सापडते. हद्द कोणाची हे ठरेना म्हणून दोन्हीकडचे पोलीस येतात. माल्मोची सागा नोरेन पूल बंद करून जागा राखत असते. तेवढ्यात हृदयरोपणासाठी रुग्ण घेऊन जाणारी एक रुग्णवाहिका येते. सागा म्हणते, जाता येणार नाही, हे घटनास्थळ आहे. कोपनहेगनचा मार्टिन रोडे मात्र रुग्णवाहिकेतल्या बाईची विनवणी ऐकून गाडी सोडून देतो. यावर सागा त्याला सांगते की मी तुझ्याविरुद्ध तक्रार करणार आहे. तिच्या आवाजात राग नसतो, धमकीही नसते. उद्या सकाळी आठला पाणी जाणार आहे, असे सोसायटीतल्या शेजाऱ्याला सांगावे तशा सुरात ती हे सांगते.

त्या एका वाक्याने मी त्या मालिकेत अडकले, आणि त्याचे कारण माझ्या नोकरीत आहे. मी एकतीस वर्षे एका जिल्हा न्यायालयाच्या कार्यालयात काढली. पंचनामे, जबाब, मुद्देमालाच्या याद्या, समन्स ‘बजावणी न होता परत’ असे शेरे, आणि फितूर झालेल्या पंचांच्या साक्षी यांतच माझे आयुष्य गेले. ‘तक्रार करीन’ हे वाक्य मी हजारो वेळा ऐकले आहे. परंतु ते नेहमी कशाच्या तरी बदल्यात उच्चारलेले असे. तक्रार हे कोणाला नमवण्याचे साधन नसून केवळ एक नोंद आहे, असे मानणारी अधिकारी मला प्रत्यक्षात क्वचितच भेटली, आणि पडद्यावर तर त्याआधी कधीच नाही.

स्वीडिश गुप्तहेर मालिका परदेशी माणसांना एवढ्या का आवडतात, याची ठरावीक उत्तरे त्यानंतर मी पुष्कळ वाचली. अंधार, बर्फ, राखाडी समुद्र, खिन्न चेहऱ्याचा पोलीस, त्याचे मोडलेले लग्न आणि त्याचा जाड स्वेटर, असा तो एकंदर मालमसाला असतो. मला हे उत्तर पटत नाही, कारण ते मालिकांनाच लागू पडत नाही. केनेथ ब्रानाला घेऊन बीबीसीने काढलेल्या ‘वालांडर’चा २००८चा पहिलाच भाग सुरू होतो तो मोहरीसारख्या पिवळ्याधमक रेपसीडच्या फुललेल्या शेतात, भर उन्हाळ्यात. २०१६ची ‘मिदनात्सूल’ ही मालिका तर अगदी उत्तरेकडच्या किरुना गावात घडते. उन्हाळ्यातले काही आठवडे तिथे सूर्य मावळतच नाही, आणि फ्रान्सहून आलेली तपास अधिकारी झोप न आल्याने वेडीपिशी होते. अंधाराचेच आकर्षण असते तर या उजेडातल्या खुनांकडे कोणी फिरकले नसते.

माझे मत असे आहे की परक्या प्रेक्षकाला या मालिकांत बांधून ठेवते ती त्यांची पट्टी. गाण्यातली पट्टी म्हणतात त्या अर्थाने मी हा शब्द वापरते आहे. सगळी गोष्ट खालच्या पट्टीत सांगितलेली असते. माणसे ओरडत नाहीत, पार्श्वसंगीत धडकी भरवत नाही, आणि पोलीस आरोपीची गचांडी क्वचितच धरतात. यामागे एक साधे व्यावहारिक कारण आहे: स्वीडनची सार्वजनिक दूरचित्रवाहिनी एसव्हीटी लोकांनी भरलेल्या पैशांवर चालते आणि तिच्यावर जाहिराती नसतात. दर दहा मिनिटांनी प्रेक्षक उठून जाईल या भीतीने कथेला गचके द्यावे लागत नाहीत. परंतु एवढ्याने सगळा उलगडा होत नाही. खाजगी वाहिनीसाठी बनलेल्या मालिकाही साधारण याच पट्टीत बोलतात. ती पट्टी ज्या समजुतीतून येते ती समजूत त्या देशाची आहे: व्यवस्था चालते, ती चाललीच पाहिजे, आणि ती जिथे चालली नाही तिथे कोणीतरी उत्तर द्यावे लागेल. ज्याला ऐकले जाईल याची खात्री आहे त्याला ओरडावे लागत नाही.

या समजुतीला त्यांच्याकडे नाव आहे. १९२८ साली पेर आल्बिन हान्सन या समाजवादी नेत्याने संसदेत भाषण करताना देशाला ‘फोल्कहेम’ म्हटले, म्हणजे लोकांचे घर, ज्यात कोणी लाडका नाही आणि कोणी सावत्र नाही. पुढची काही दशके स्वीडनने खरोखरच ते घर बांधले. मग १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत माय शोवाल आणि पेर वालो या जोडप्याने मार्टिन बेक नावाच्या पोलिसाच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या. मुले झोपल्यावर दोघे रात्री टेबलाशी बसत आणि आळीपाळीने एकेक प्रकरण लिहीत. दहा पुस्तके, प्रत्येकात तीस प्रकरणे, असा आराखडा आधीच ठरलेला होता, आणि सगळ्या मालिकेला त्यांनी ‘एका गुन्ह्याची कादंबरी’ असे एकच उपनाव दिले होते. दोघेही कट्टर डावे होते. त्यांच्या दृष्टीने तो एक गुन्हा म्हणजे कल्याणकारी राज्याने स्वतःच्या माणसांचा केलेला विश्वासघात. कादंबऱ्यांत खून दहा प्रकारचे आहेत, पण लेखकांचा बोटाचा रोख प्रत्येक वेळी त्या घराकडेच आहे. आजच्या सगळ्या स्वीडिश मालिका याच ओट्यावर उभ्या आहेत. पेटर हाबेर या नटाने १९९७पासून रंगवलेला पडद्यावरचा बेक मूळ पुस्तकांपासून बराच दूर गेला असला, तरी वंश तोच.

बाहेरच्या माणसाला हे सगळे जास्त कळते ते उलोफ पाल्मे यांच्या खुनाची हकीकत वाचल्यावर. २८ फेब्रुवारी १९८६, शुक्रवारची रात्र. देशाचा पंतप्रधान त्या संध्याकाळपुरती अंगरक्षकांना सुट्टी देऊन बायकोबरोबर चित्रपटाला जातो आणि स्टॉकहोमच्या स्वेआवेगेन रस्त्यावरून चालत घरी निघतो. रात्री अकरा वाजून गेल्यावर मागून येऊन कोणीतरी त्याला गोळी घालतो आणि गल्लीतल्या पायऱ्या चढून निघून जातो. त्यानंतर जे झाले ते वाचताना माझ्यातली कारकून अक्षरशः कपाळाला हात लावून बसली. पोलिसांनी दोरी बांधून राखलेली जागा फारच लहान होती, आणि झाडलेल्या दोन्ही गोळ्या पोलिसांना नव्हे, तर जाणाऱ्या-येणाऱ्या सामान्य लोकांना सापडल्या. असा मुद्देमाल आमच्या कोर्टात आला असता तर बचावाच्या वकिलाला उभे राहण्याचेही कष्ट पडले नसते. १९८९ साली एका माणसाला खालच्या न्यायालयाने दोषी ठरवले आणि त्याच वर्षी अपील न्यायालयाने सोडून दिले. शेवटी १० जून २०२० रोजी सरकारी अभियोक्त्याने एका संशयिताचे नाव जाहीर केले, पण तो २००० सालीच मरण पावला असल्यामुळे खटला उभा राहणार नाही असे सांगून फाइल बंद केली. चौतीस वर्षे एक संपूर्ण देश एक न सुटलेली केस उशाशी घेऊन झोपत होता. अशा देशात तपासकथा ही निव्वळ करमणूक राहू शकत नाही.

हेनिंग मानकेल या कादंबरीकाराचा पोलीस कुर्ट वालांडर जन्मला तो १९९१ साली. आफ्रिकेतला मुक्काम आटोपून परतल्यावर आपल्या देशात परक्यांबद्दलचा द्वेष वाढलेला दिसला, आणि तोच गुन्हा आहे असे वाटल्यामुळे आपण पोलिसाची गोष्ट लिहायला घेतली, असे मानकेल सांगत असत. पहिल्याच कथेत एक म्हातारे शेतकरी जोडपे मारले जाते आणि मरताना म्हातारी ‘परदेशी’ असा शब्द उच्चारते. खुनी शोधण्याइतकेच, हा शब्द बाहेर फुटला तर गावात काय होईल, हे संकट वालांडरपुढे उभे राहते. हा पोलीस मधुमेही आहे, ऑपेरा ऐकतो आणि वेळेवर जेवत नाही. त्याचे वडील वर्षानुवर्षे एकच निसर्गचित्र रंगवतात. कधी त्यात एक रानकोंबडा असतो, कधी नसतो, एवढाच फरक. त्याला पडद्यावर आधी रोल्फ लासगोर्ड, मग २००५ ते २०१३ क्रिस्टर हेनरिक्सन आणि मध्येच २००८ ते २०१६ या काळात इंग्रजीतून ब्राना अशा तिघांनी उभे केले. मला हेनरिक्सन आवडतो. ब्राना फार उत्तम नट आहे, पण त्याचे दुःख चेहऱ्यावर येते आणि तिथेच राहते. हेनरिक्सनचे दुःख कोटाच्या खिशात असते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की बीबीसीने वालांडरला इंग्लंडमध्ये नेले नाही. नट इंग्रज आणि संवाद इंग्रजी, पण गाव दक्षिण स्वीडनमधले इस्तादच, रस्त्यावरच्या पाट्या आणि वर्तमानपत्रे स्वीडिशच. हा माणूस त्याच्या गावातून उचलला तर मागे काहीच उरणार नाही, हे त्यांना कळले असावे.

आता सबटायटल्स लपवतात अशा एका गोष्टीकडे येते, कारण मराठी माणसाला ती इंग्रज प्रेक्षकापेक्षा लवकर खटकेल. या मालिकांमध्ये नुकताच रुजू झालेला शिपाई जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखाला पहिल्या नावाने हाक मारतो आणि त्याच्याशी ‘दू’ या सर्वनामाने बोलतो. ‘दू’ म्हणजे आपला ‘तू’. इंग्रजीत सगळेच ‘यू’ असल्यामुळे ही गंमत तिथे पार पुसली जाते. मुलीने मला हे सांगितल्यावर मी मागचे चार भाग पुन्हा पाहिले. सगळ्याचा रंगच बदलला होता. आरोपी पोलिसाला तू म्हणत होता, सागा आपल्या साहेबाला तू म्हणत होती, आणि साक्षीदार म्हातारी तिशीतल्या अधिकाऱ्याला तू म्हणत होती यात विशेष नव्हते, पण तोही तिला तू म्हणत होता.

हे तिथे पूर्वापार चालत आले आहे असेही नाही. जुन्या स्वीडनमध्ये समोरच्या माणसाला सर्वनामाने संबोधणेच टाळत आणि त्याच्याच तोंडावर तृतीय पुरुषी त्याचा हुद्दा उच्चारत. आमच्या कार्यालयात शिरस्तेदारांसमोर उभे राहून ‘साहेब चहा घेणार का’ असे आम्ही विचारत असू, ते हुबेहूब तेच. १९६७ साली ब्रूर रेक्सेड नावाचे गृहस्थ सरकारच्या वैद्यकीय मंडळाचे प्रमुख झाले आणि रुजू होतानाच त्यांनी कर्मचाऱ्यांना सांगितले की मी सगळ्यांना ‘दू’ म्हणणार आहे. त्यांच्याआधीही काही ठिकाणी हे सुरू झाले होते, पण नाव त्यांचे झाले, आणि काही वर्षांत सबंध देश ‘दू’वर आला. या मालिका मराठीत आणायच्या झाल्या तर भाषांतरकार पहिल्याच दृश्यात अडेल. शिपाई अधीक्षकांना ‘तू’ म्हणाला तर आपल्याला तो उद्धट वाटेल आणि ‘सर, आपण’ म्हणाला तर स्वीडन संपले.

कागदपत्रांच्या बाबतीतही असेच. तपास अधिकारी संगणकात एक क्रमांक टाकतो आणि माणसाचा पत्ता, लग्न, मुले, गाडी सगळे समोर येते, हे पाहून भारतीय प्रेक्षक म्हणतो की पटकथाकाराने सोय करून घेतली. तसे ते नाही. स्वीडनमध्ये प्रत्येकाला १९४७पासून व्यक्तिक्रमांक आहे, आणि सरकारी कागद नागरिकाला पाहता आला पाहिजे हे तत्त्व १७६६च्या कायद्यापासून चालत आलेले आहे. दोषारोप दाखल झाला की पोलिसांच्या तपासाची कागदपत्रेसुद्धा साधारणपणे कोणीही मागवू शकतो. मी नक्कल विभागात सहा वर्षे काढली आहेत. पक्षकार सोडून तिऱ्हाईताने नकलेसाठी अर्ज केला की ‘तुमचा यात संबंध काय’ हा पहिला प्रश्न विचारण्याचे आम्हाला जणू वळणच लावलेले होते. संबंध विचारला न जाणे ही माझ्या दृष्टीने त्या देशातली सर्वांत अद्भुत गोष्ट, बर्फापेक्षाही. ब्रिटिश, जर्मन, भारतीय, कोणीही असो, ज्याच्या घरी सरकारी दारावर थांबावे लागते किंवा हल्ली पूर्वीपेक्षा जास्त थांबावे लागू लागले आहे, त्याला या मालिकांत खुनाच्या निमित्ताने ते उघडे दार दिसते, आणि ते कुठे कुजले आहे हेही त्या देशाच्या माणसांकडूनच कळते.

‘ब्रून’कडे परत जाते, कारण तिच्यात परक्याला न दिसणारा आणखी एक पदर आहे. मार्टिन डॅनिश बोलतो, सागा स्वीडिश, आणि दोघे एकमेकांना आपापल्या भाषेतच उत्तरे देतात. कोल्हापूरचा आणि मडगावचा माणूस आपापली मराठी आणि कोकणी सोडायची नाही असे ठरवून बोलत बसले तर निम्मे समजेल, निम्मे अंदाजाने घ्यावे लागेल, आणि एखाद्या शब्दावर दोघेही थबकतील, साधारण तसे. डॅनिश माणूस घशात लापशी घेऊन बोलतो, अशी स्वीडिश लोकांची जुनी चेष्टा आहे. इंग्रजी सबटायटल्सच्या पट्टीत या दोन्ही भाषा एकाच टंकात, एकाच रंगात येतात. मी सहा भाग होईपर्यंत त्या दोघांची भाषा एकच समजत होते.

आणि तरीही ही मालिका शंभरहून अधिक देशांत गेली म्हणतात तेव्हा मला नवल वाटत नाही, कारण तिचा सांगाडा कोणत्याही सीमेवर उभा करता येतो. अमेरिकेने तो मेक्सिकोच्या हद्दीवर उभा केला, ब्रिटन-फ्रान्सने खाडीखालच्या बोगद्यात, मलेशिया-सिंगापूरने त्यांच्या पुलावर, जर्मनी-ऑस्ट्रियाने आल्प्सच्या खिंडीत. यातल्या बहुतेक सीमांवर काहीतरी खरे भांडण आहे. पैशाचे, वर्णाचे किंवा इतिहासाचे. मूळ मालिकेतली सीमा मात्र जवळजवळ नाहीच, २००० साली पूल झाल्यापासून लोक इकडे राहून तिकडे नोकरी करतात. म्हणून तिथे सगळा तणाव उतरतो तो वागण्याबोलण्यात. सागा कार्यालयात सर्वांसमोर शर्ट बदलते, फोन उचलला की दर वेळी ‘सागा नोरेन, लेन्सक्रिम, माल्मो’ असे पूर्ण सांगते, आणि विनोद कळला नाही तर कळला नाही म्हणते. तिला काय झाले आहे हे मालिका शेवटपर्यंत सांगत नाही. सोफिया हेलिनचे काम इतके नेमके आहे की ते विचारावेसेही वाटत नाही. लेन्सक्रिम म्हणजे जिल्ह्याची गुन्हे शाखा. नाव, शाखा, गाव, या क्रमातच ती स्वतःला ओळखते.

पैशाचे गणितही थोडक्यात सांगायला हवे. स्वीडन हा एक कोटी आणि काही लाख लोकांचा देश आहे. एवढ्या प्रेक्षकांवर अशा खर्चिक मालिका निघत नाहीत. जर्मनीची झेडडीएफ ही वाहिनी वर्षानुवर्षे त्यांत भागीदार होत आली आहे, आणि जर्मन भाषेत ‘श्वेडनक्रिमी’ असा स्वतंत्र शब्दच झाला आहे. गमतीचा भाग असा की हीच वाहिनी २००४पासून इंगा लिंडस्ट्रॉम या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका जर्मन लेखिकेच्या प्रेमकथाही दाखवते: जर्मन नट, जर्मन संवाद, आणि पाठीमागे स्वीडनमधली तांबडी लाकडी घरे नि तळी. एकाच तांबड्या घरात एका संध्याकाळी लग्न जुळते आणि दुसऱ्या संध्याकाळी तळघरात प्रेत सापडते. जर्मन माणसाला दोन्ही हवे असते, आणि मला वाटते, दोन्हीचे कारण ते घरच आहे.

स्वतः स्वीडिश माणसे हे कसे पाहतात, हे मुलीच्या शेजारच्या आजींमुळे कळले. त्या आमच्याकडे दालचिनीचे बन घेऊन कॉफीला येत. मी त्यांना फोल्कहेम वगैरे सुनावल्यावर त्या बराच वेळ हसल्या आणि म्हणाल्या, आम्ही बेक पाहतो तो शेजाऱ्यासाठी. मार्टिन बेकच्या बाल्कनीला लागून दुसरी बाल्कनी आहे आणि तिथे मानेला पट्टा बांधलेला एक म्हातारा शेजारी उगवतो. बेक दिवसभराची प्रेते पाहून ग्लास घेऊन बाहेर आला की हा त्याला काहीतरी विचित्र सल्ला देतो किंवा जीवनाविषयी एखादे भलतेच मत ऐकवतो. तपासाशी त्याचा काडीचा संबंध नसतो. इंग्वार हिर्डवाल या नटाने ही भूमिका वर्षानुवर्षे केली, आणि ते २०२३ साली वारले तेव्हा मला त्या आजींचीच आठवण झाली. परदेशी समीक्षेत या शेजाऱ्याबद्दल फारसे काही सापडत नाही. आपण बाहेरचे लोक घराची वास्तू पाहत बसतो आणि घरातली माणसे बाल्कनीतल्या गप्पांना बसलेली असतात.

सगळेच चांगले आहे असे मी म्हणणार नाही. ‘मिदनात्सूल’ची सुरुवात एका माणसाला हेलिकॉप्टरच्या पात्याला बांधून मारण्याने होते, आणि ‘ब्रून’चा खुनी समाजाचे पाच प्रश्न दाखवण्यासाठी इतकी आखणी करतो की त्याला एखाद्या महानगरपालिकेत नियोजनाला घेतले असते तर बरे झाले असते. खुनाच्या करामती जितक्या वाढतात तितकी पट्टी चढते आणि मूळ गुण हरवतो. प्रत्यक्षात त्या देशात वर्षाला शंभराच्या आसपास खून होतात, आणि अलीकडे त्यांतले बरेच टोळ्यांच्या गोळीबारात, उपनगरांतल्या पोरांच्या हातून होतात. या खुनांत कोडे नसते. उपनगरांच्या गोष्टी सांगणाऱ्या मालिकाही आता निघतात, पण परदेशी प्रेक्षक अजून तांबडे घरच मागतो. याला सुखद अपवाद म्हणजे २०२५च्या जानेवारीत आलेली चार भागांची ‘द ब्रेकथ्रू’. लिन्शोपिंग शहरात २००४ साली भर सकाळी रस्त्यावर झालेला दुहेरी खून आणि वंशावळीच्या अभ्यासकाच्या मदतीने डीएनएवरून सोळा वर्षांनी, २०२० साली, लागलेला त्याचा तपास, एवढीच गोष्ट. खुनी हुशार नाही, पोलीस हुशार नाही. पोलीस फक्त फाइल बंद करत नाही.

नातू दोन महिन्यांचा झाल्यावर आम्ही एका शनिवारी इस्तादला गेलो. त्याच्या आधीच्या आठवड्यात आगगाडीने ओरेसुंड पूल ओलांडून झाला होता, आणि तिथे माझी चांगलीच फजिती झाली होती. मालिकेत दिसणारा तो देखणा, तारांनी तोललेला पूल मोटारींसाठी वरच्या मजल्यावर आहे. आगगाडी खालच्या मजल्यावरून जाते. जवळजवळ आठ किलोमीटर मी खिडकीतून सरकणारे लोखंडी तिरपे खांब पाहिले आणि मग गाडी बेटावरून बोगद्यात शिरली. सीमारेषा कुठे गेली तेही कळले नाही.

इस्ताद मात्र पडद्यावर दिसते तसेच निघाले, फक्त त्याहून शांत. वीसेक हजार वस्तीचे गाव, बुटकी लाकडी चौकटींची घरे, दगडी गल्ल्या. वालांडर राहतो ती मारियागातान ही गल्ली इतकी साधी आहे की तिचा फोटो काढणाऱ्या आम्हीच तिथल्या प्रेक्षणीय वस्तू ठरलो. तो जातो त्या फ्रिडोल्फ्स नावाच्या कॉफीच्या दुकानात आम्ही बसलो. शेजारच्या टेबलावर एक जर्मन जोडपे नकाशा पसरून, कुठले प्रेत कुठे सापडले यावर हलक्या आवाजात वाद घालत होते.

परतीच्या गाडीला वेळ होता आणि मुलीला एक गोष्ट ऐकवायची होती, म्हणून आम्ही सेंट मेरीच्या चर्चपाशी थांबलो. बाळगाडीवर दोन पांघरुणे घातली होती. त्या चर्चच्या मनोऱ्यात अजून रात्रीचा पहारेकरी असतो. जुन्या काळी गावाला आग लागली तर दिसावी म्हणून तो नेमलेला होता, आणि आता आगीचे बंब आले तरी त्याला कोणी काढलेले नाही. सव्वानऊला वरच्या झरोक्यातून शिंगाचा लांब, घोगरा आवाज आला. मग दुसऱ्या दिशेने, मग तिसऱ्या, मग चौथ्या. रात्री एकपर्यंत दर पंधरा मिनिटांनी तो असाच वाजवतो, आणि त्याचा अर्थ ‘सारे ठीक आहे’ एवढाच असतो, असे मुलगी म्हणाली. ते जर्मन जोडपेही चौकाच्या पलीकडे मान वर करून उभे होते. बाळ जागे झाले नाही. साडेनऊचा आवाज आम्ही स्टेशनकडे जाताना मागून ऐकला.